कुत्र्याची कंबर धरली तर काय करावे

कालपर्यंत ओट्यावर टुणकन चढणारा कुत्रा एखाद्या सकाळी पायरीपाशीच थांबतो, पाठ कमानीसारखी उचलून धरतो, मान खाली घालून थरथरतो आणि उचलायला गेले की केकाटतो. इंदूरच्या आमच्या घरी डॅशहुंडच्या बाबतीत हे घडले, तेव्हा आदल्या दिवशी कोणीतरी त्याला शेव चारली असल्यामुळे सर्वांनी पोटावर खापर फोडले. पाठ दुखत असताना कुत्रा पोटही आवळून धरतो, त्यामुळे ही चूक नेहमी होते.

सर्वप्रथम प्रकरण किती तातडीचे आहे ते पाहावे. कुत्र्याला पोटाखालून आधार देऊन उभे करावे आणि मागचा एक पंजा हलकेच उलटा करून जमिनीवर टेकवावा. निरोगी कुत्रा तो तत्काळ सरळ करतो. पंजा तसाच राहिला, चालताना नखे फरशीवर घासू लागली किंवा पाय एकमेकांत अडकू लागले, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. मागचे पाय पूर्णपणे लुळे पडले असतील किंवा लघवी होत नसेल, तर रात्र उलटू देऊ नये. बोट जोराने चिमटले असता वेदना कळत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर १० पैकी सुमारे ९ कुत्री पुन्हा चालू लागतात. ती जाणीवच हरपली असेल, तर हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येते. मात्र ही चाचणी पशुवैद्यानेच करावी, कारण पाय नुसता आखडून घेणे आणि वेदना कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डॅशहुंड, बीगल, कॉकर स्पॅनियल, ल्हासा अप्सो, शिह त्झू अशा जातींमध्ये बहुतेक वेळा मणक्यांमधली चकती सरकलेली असते, आणि तीही साधारणपणे ३ ते ७ वर्षांच्या वयात. ज्या जनुकीय बदलामुळे डॅशहुंडचे पाय आखूड राहतात, त्याचाच संबंध त्याच्या चकत्या लवकर कडक होण्याशी आहे. साध्या क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, पण मज्जारज्जू दिसत नाही. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो. दुखण्यासोबत ताप असेल तर मणक्यांतील जंतुसंसर्ग आणि गोचिडांपासून होणारा ताप यांचीही तपासणी करून घ्यावी.

उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या मांड्यांखाली घालून पाठ आडवी ठेवावी. काखेत धरून लोंबकळत कधीही उचलू नये. इंदूरहून महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा शहरातल्याच दवाखान्यापर्यंत नेताना मांडीवर घेण्याऐवजी कडक तळाच्या खोक्यात, बाजूंना दुमडलेल्या चादरी ठासून, त्याला झोपवावे.

घरातल्या डब्यातली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी कुत्र्याला देऊ नये. तिने जठरात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आधी कोणतेही औषध दिले गेले असेल, तर संकोच न करता डॉक्टरांना सांगावे, कारण वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र पडल्यास धोका कितीतरी वाढतो. तेल लावून पाठ रगडण्याचा मोहही आवरावा.

शस्त्रक्रियेची गरज नसेल, तर खरा उपचार म्हणजे पिंजऱ्यात ठेवून दिलेली विश्रांती, आणि ती किमान ४ आठवड्यांची असते. माझ्या मते बहुतेक घरे इथेच हरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्यांनी वेदना दबते, कुत्रा शेपूट हलवू लागतो, आणि घरच्यांना दया येऊन पिंजऱ्याचे दार उघडले जाते. पण चकतीची फाटलेली कड तोवर भरलेली नसते आणि एका उडीत दुखणे पुन्हा उलटते. पिंजरा इतकाच असावा की त्याला उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून झोपता यावे. तो माणसांच्या वावरात ठेवावा, म्हणजे कुत्रा एकटेपणाने भुंकत धडपडत नाही. मात्र रंगपंचमीला गेरेचे, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीचे, ढोल घुमत असतील, तर तेवढा दिवस आतल्या खोलीत हलवावा. लघवीपुरते बाहेर काढताना गळपट्टा वापरू नये, छातीचा पट्टा वापरावा आणि कमरेखालून रुंद टॉवेलची झोळी धरावी. पाय लुळे असतील तर दर ४ ते ६ तासांनी कूस बदलावी आणि मूत्राशय हाताने दाबून रिकामे करण्याची पद्धत डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

हालचाल परत आणण्याचे काम डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच सुरू करावे. प्रथम १० मिनिटे कोमट शेक द्यावा, मग कुत्र्याला कुशीवर झोपवून मागच्या पायाचा प्रत्येक सांधा सावकाश दुमडावा आणि सरळ करावा. असे १० वेळा, दिवसातून २-३ वेळा पुरे. त्यानंतर आधार देऊन उभे करणे, बसवून उठवणे आणि ५ मिनिटांची संथ चाल हा क्रम ठेवावा. चाल दर आठवड्याला थोडीच वाढवावी. पुढे जमिनीवर आडव्या ठेवलेल्या झाडूच्या काठ्या त्याला एकेक पाऊल उचलून ओलांडू द्याव्यात. पाऊल कुठे पडते याचे भान त्यातून परतते. हे सारे गुळगुळीत फरशीवर करू नये, सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी आणि नखे कापलेली असावीत.

पाठीवर भार पडू नये म्हणून वजन आटोक्यात ठेवण्याची बाब थोडी अवघड आहे, कारण आमच्या शहरात सकाळी पोहे-जलेबी खाताना कुत्र्यासमोर एक घास टाकला नाही तर लोक निर्दयी समजतात. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, इतके वजन ठीक. पोह्यांतला कांदा तर कुत्र्याच्या रक्तपेशींनाच मारक असतो.

ओट्यापाशी आम्ही आता फळीचा उतार केला आहे आणि त्यावर तागाचे पोते ठोकले आहे. पहिल्याच दिवशी महाशय अर्ध्यावरून बाजूला उडी मारू लागले, म्हणून दोन्ही कडांना वीतभर उंचीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.