ब्लॅक मेटल बँडचा पहिला अल्बम रेकॉर्ड करताय? मग रिफ वाचवा

रॉ साऊंड म्हणजे कसंही रेकॉर्ड केलं तरी चालतं असं बऱ्याच नव्या बँडना वाटतं आणि मेहनतीने बसवलेल्या रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटी) आवाजात बुडून जातात. खरखर हवीच, पण त्यातून रिफ कळली पाहिजे. स्वीडनच्या बाथरी या बँडचा पहिला अल्बम १९८४ चा, स्टॉकहोममधल्या एका गॅरेजमधे रेकॉर्ड झालेला, आणि नॉर्वेच्या मेहेम या बँडचा पहिला पूर्ण लांबीचा स्टुडिओ अल्बम १९९४ चा, बर्गनच्या ग्रीगहालेन या मोठ्या कॉन्सर्ट हॉलमधे. दोन्हींच्या आवाजात केवढा फरक, तरी गिटार काय वाजतेय ते दोन्हीकडे कळतं.

गाणी आधी पक्की करा. ४० मिनिटांच्या आसपास पुरेत, व्हायनल काढायचं असेल तर एका बाजूला २० च्या आसपास ठेवा, फार ताणलं तर आवाजाची लेव्हल कमी करावी लागते.

ड्रम्स आधी घ्या. क्लिक (कानात टेम्पो देणारी टिकटिक) लावा पण पूर्ण गाणं एकाच टेम्पोत बांधू नका, स्लो पार्टला थोडं मागे येऊ द्या. रूम माईक (ड्रम्सपासून दूर, खोलीचा आवाज घेणारा) नक्की लावा, स्नेअरला जीव तिथूनच येतो. २०० बीपीएमच्या (मिनिटाला २०० ठोके) ब्लास्टमधे, म्हणजे ड्रम्सच्या अतिवेगवान माऱ्यात, किक पुसट होते, तिथे ट्रिगर (ठोका पडला की तयार सँपल वाजवणारा सेन्सर) वापरला तर हरकत नाही, स्नेअर मात्र शक्यतो खराच ठेवा.

आता गिटार, वेळ इथेच घाला. तुम्हाला वाटतो त्यापेक्षा गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) कमी ठेवा, खरंच कमी, कारण ट्रेमोलो पिकिंगमधे (एकच नोट भराभर छेडताना) गेन जास्त झाला की नोट्स एकमेकांत मिसळून नुसती भिणभिण उरते आणि त्या उदास मायनर कॉर्ड्स, ज्यांच्यासाठी आपण हे म्युझिक ऐकतो, त्याच गायब होतात. मिड्स (मधल्या फ्रिक्वेन्सी) पूर्ण काढू नका. तीच रिफ दोनदा वेगवेगळी वाजवा, एक डावीकडे एक उजवीकडे. कॉपी पेस्ट करून आवाजाला रुंदी येत नाही, दोन हातांमधला बारीक फरक लागतोच. प्रत्येक टेकआधी ट्युनिंग बघा, कंटाळा आला तरी.

बेसला थोडं डिस्टॉर्शन द्या नाहीतर तो ऐकूच येणार नाही.

व्होकल्स थोडेथोडे घ्या, घसा दुखला की त्या दिवशी थांबा, जबरदस्तीने खरंच इजा होते. रिव्हर्ब (घुमारा) देऊन आवाज थोडा मागे ठेवा, गिटारच्या डोक्यावर बसवू नका.

मिक्समधे रिफ हरवली तर गिटार वाढवायच्या आधी सिंबल्स कमी करून बघा, बहुतेक वेळा तेच आड येत असतात. मग मास्टरिंगसाठी (मिक्सवरचा शेवटचा हात) २४ बिटची वेव्ह फाईल द्या, लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं टूल) न लावता, आणि स्पष्ट सांगा की अल्बम खूप लाऊड नकोय, कारण सगळंच सारखं मोठं झालं तर शांत इंट्रोनंतर येणारा ब्लास्ट अंगावर येणार कसा.