वादात सापडलेलं मुलांचं पुस्तक किंवा कार्टून कसं तपासावं

मुलांच्या एखाद्या पुस्तकावरून किंवा कार्टूनवरून पालकांमध्ये वाद पेटतो, तेव्हा बहुतेकांनी पाहिलेली असते ती वीस सेकंदांची क्लिप, नाहीतर एका पानाचा फोटो. त्यामुळे मत द्यायच्या आधी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा वाचा. चित्रपुस्तकाला अर्धा तास पुरतो. मालिका असेल तर वादातला भाग, त्याच्या आधीचे दोन आणि नंतरचा एक बघा. डब केलेली असेल तर मूळ संवादही तपासा. ‘सेलर मून’ या नव्वदच्या दशकातल्या जपानी मालिकेच्या इंग्रजी डबिंगमध्ये प्रेमात असलेल्या दोन मुलींना नात्यातल्या बहिणी करून टाकलं होतं. चित्रातली जवळीक तशीच राहिली, त्यामुळे प्रश्न मिटण्याऐवजी गोंधळच वाढला.

दुसऱ्या वाचनाला कागदावर चार रकाने आखा: पान किंवा मिनिट, तिथे नेमकं काय दिसतं, विषय कोणता, आणि ‘मुलगा-मुलगी असते तर?’

‘विषय’ या रकान्यात तीनपैकी एकच शब्द लिहायचा: अभिव्यक्ती, ओळख किंवा नातं. कपडे, केस, खेळ, चालणं-बोलणं ही अभिव्यक्ती. पात्र स्वतःला मुलगा मानतं, मुलगी मानतं की आणखी काही, ही ओळख. कोण कोणावर प्रेम करतं, हे नातं. निम्मं भांडण ही तीन एकत्र कालवल्यामुळे होतं. फ्रॉक घालून नाचणारा मुलगा पुस्तकात असेल, तर त्या पानावर फक्त अभिव्यक्ती आहे. तो पारलिंगी आहे, म्हणजे स्वतःला मुलगी मानतो, किंवा मोठेपणी समलिंगी होईल, हे पुस्तक म्हणत नसतं, वाचणारा म्हणतो. विरोध करणारे ही चूक करतात, तशीच कौतुक करणारेही करतात.

चौथा रकाना सगळ्यात कामाचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयात रॉय आणि सायलो या दोन नर पेंग्विनांची जोडी होती. दोघं अंडं समजून दगड उबवत बसायचे; मग रखवालदाराने त्यांना खरं अंडं दिलं आणि त्यांनी पिल्लू वाढवलं. या घटनेवरचं चित्रपुस्तक 2005 साली आलं आणि अमेरिकेतल्या ग्रंथालयांत वर्षानुवर्षं सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांत मोडलं. आता त्यातला एक पेंग्विन मादी आहे असं समजून प्रत्येक पान पुन्हा बघा. घरटं, दगड, अंडं, पिल्लू. यातलं एकही चित्र लहान मुलांसाठी अयोग्य वाटत नसेल, तर हरकत दृश्याला नाही, जोडीला आहे. तसं असेल तर तसंच उघड बोलावं. वयाचं कारण पुढे करू नये. उलट, मुलगा-मुलगी असतानाही दृश्य त्या वयाला जास्त वाटलं, तर हरकत रास्त आहे आणि ती सगळ्या पुस्तकांना सारखीच लावा.

समलिंगी किंवा बायकी वळणाचं पात्र नुसतं आहे, एवढ्यावर खूश होऊ नका. त्याला नाव आहे का, स्वतःचं काही काम आहे का, हसतं कोण आणि हसू कुणाचं होतं, हे नोंदवा. हॉलिवूडमध्ये 1934 पासून 1968 पर्यंत हेज कोड, म्हणजे चित्रपटात काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली, कधी काटेकोरपणे तर कधी सैलपणे लागू होता. समलिंगी नातं उघड दाखवायला बंदी, म्हणून ते हावभावांतून सुचवलं जायचं, आणि बऱ्याचदा खलनायकाच्या किंवा विदूषकाच्या वाट्याला यायचं. नजाकतीने हात हलवणारा दुष्ट सरदार मुलांच्या कार्टूनमध्ये अजून भेटतो. त्यावर मात्र फारशी कुणी तक्रार करत नाही, आणि बायकी म्हणून चिडवलं जाणारं मूल नेमकं तेच बघत असतं.

मुलांच्या प्रश्नांना दोन वाक्यांत उत्तर द्या आणि थांबा. दोन-तीन वर्षांची मुलं ‘हा मुलगा, ही मुलगी’ ओळखायला लागतात, पण साधारण पाच ते सातपर्यंत अनेकांना वाटतं की केस किंवा कपडे बदलले की मुलाची मुलगी होते. म्हणून ‘त्याने फ्रॉक घातला, आता तो मुलगी झाला?’ हा प्रश्न त्या वयाचा आहे, पुस्तकाने बिघडवल्याचा नाही. ‘नाही, तो मुलगाच आहे. त्याला फ्रॉक आवडतो.’ बास. दोन आयांबद्दल विचारलं तर: ‘त्यांचं एकमेकींवर प्रेम आहे आणि हे त्यांचं बाळ आहे.’ मोठी माणसं इथे घाबरून शरीरविज्ञानाचा तास घेतात. मुलाने तो मागितलेला नसतो.

मोठ्याने वाचताना मराठीत एक अडचण येते. मूळ पुस्तकात पात्र मुलगा की मुलगी हे मुद्दाम सांगितलेलं नसेल, तरी आपलं क्रियापद ते फोडतं: ‘धावला’ की ‘धावली’? ‘पिल्लू धावलं’, ‘लेकरू हसलं’ असं वाचलं तर कानाला खटकत नाही. पात्राने स्वतःची ओळख सांगितली असेल तेव्हा मात्र ते स्वतःबद्दल वापरतं तेच रूप वापरा, उगाच ‘धावलं’, ‘हसलं’ करून टाकू नका.

प्रकरण शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या बैठकीत गेलं, तर तक्रार लेखी घ्या: पान क्रमांक, मजकूर, हरकत. ‘प्रचार’ हा शब्द आला तर कोणत्या वाक्यात, ते विचारा. ब्रिटनमध्ये 1988 सालच्या ‘सेक्शन 28’ने स्थानिक संस्थांना समलैंगिकतेच्या ‘प्रचारा’ची मनाई केली. शब्द इतका मोघम होता की शिक्षक चिडवाचिडवीबद्दलही बोलायला कचरले. इंग्लंड-वेल्समध्ये ते कलम 2003 साली गेलं.

पाच जणांची समिती नेमा. पूर्ण पुस्तक वाचलेल्यालाच मत द्यायचा अधिकार. प्रत्येकाला तीन मिनिटं. वर्गातल्या कोणत्याही मुलाचं किंवा घराचं उदाहरण काढलं, तर अध्यक्षाने त्याच वाक्याला थांबवावं. निर्णय होईपर्यंत पुस्तक जागेवरच ठेवा. ‘मोठ्यांच्या विभागात हलवू’ ही तडजोड वाटते, पण सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाने 2014 साली तेच केलं: मुलांची तीन पुस्तकं हटवली, एकाचा लगदा झाला, आणि वाचकांनी आवाज उठवल्यावर उरलेली दोन प्रौढांच्या कपाटात गेली. चार वर्षांच्या मुलासाठीचं चित्रपुस्तक तिथे कुणाला सापडणार? त्यापेक्षा ज्या पालकांना नको असेल, त्यांनी आपल्या मुलाच्या कार्डावर तशी नोंद करून घ्यावी. बाकीच्यांसाठी ते त्याच फळीवर राहू द्या.