वस्तऱ्याची दाढी करून घ्यायची असेल तर

बाबांच्या हाताला कंप सुटला आणि स्वतःच्या हातानं दाढी करायचा त्यांचा साठ वर्षांचा नेम तुटला. त्यानंतर चार वर्षं, दर बुधवारी, मी त्यांना इंदूरच्या रामबागेतल्या घरून रिक्षानं कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळच्या, म्हणजे होळकरांच्या समाध्यांजवळच्या, एका दुकानात नेत होते. तिथे मी एकटीच बाई. बाकावर बसून दोनशेच्या वर दाढ्या पाहिल्या, कारागिराला आणि बाबांना खोदून खोदून विचारलं. गेल्या वर्षी माझा मुलगा लग्नाआधी पहिल्यांदा वस्तऱ्याखाली बसला, तेव्हा हे सगळं त्याला सांगितलं. तेच लिहिते आहे.

माझं मुख्य सांगणं असं की खुर्चीत बसल्यावर संकोच करू नका. जे सांगायचं, विचारायचं ते फेस लागायच्या आधी सांगून टाका. वस्तरा गळ्यावर आला की तोंड उघडता येत नाही.

जाण्याची वेळ आधी ठरवा. रविवारी सकाळी मुळीच जाऊ नका. कारागिराच्या मागे सहा माणसं ताटकळत असली की त्याचा हात घाईत चालतो. आमच्याकडे बरेच जण मंगळवारी आणि शनिवारी दाढी करत नाहीत, त्यामुळे आदल्या-नंतरच्या दिवशी गर्दी सरकते. तरी बुधवारीही अकराच्या सुमारास आम्हाला दुकान बहुतेक रिकामं मिळायचं. दाढी दोन-तीन दिवसांची वाढलेली असावी, आणि आंघोळ करून गेलात तर उत्तम, कारण केस आधीच थोडे मऊ झालेले असतात.

आता ब्लेड. याबाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. बाबांच्या लहानपणी पोलादाचा एकसंध वस्तरा असे. न्हावी तो दगडावर घासून, चामड्याच्या पट्ट्यावर परजून धार लावी, आणि तोच दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरे. आज दुकानात दिसतो तो वस्तरा म्हणजे घडीची मूठ आणि तिच्यात बसवलेलं अर्धं ब्लेड. दुधारी ब्लेड कागदातच लांबीत दुमडून कटकन मोडतात, एक अर्धं तुमच्यासाठी, दुसरं पुढच्या गिऱ्हाइकासाठी. हे ब्लेड मुळात घरच्या सेफ्टी रेझरचं. जिलेटला त्याचं अमेरिकेतलं पेटंट १९०४ मध्ये मिळालं. बाबांनी आयुष्यभर घरी तेच वापरलं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी त्या मुठीत अर्धं ब्लेड बघून त्यांना गर्दीत ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं.

ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत कागदातून निघालं पाहिजे. नाही निघालं तर सरळ सांगा, "भैया, नया लगा दो." चांगला कारागीर याचा राग मानत नाही. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरतो, आणि त्यासाठी डोळ्यांना दिसेल एवढं रक्तही लागत नाही. जुनं ब्लेड डेटॉलच्या पाण्यात बुचकळून काढलं म्हणजे झालं, यावर विश्वास ठेवू नका. मूठही धुतलेली हवी. तुरटीचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. दुकानात जिला फिटकरी म्हणतात तो एकच खडा नुकत्या खरचटलेल्या प्रत्येक गालावर फिरतो. मी डबीत बाबांचा स्वतःचा खडा आणि पिशवीत घरचा धुतलेला नॅपकिन नेत असे. सुरुवातीला एका दुसऱ्या दुकानात आम्ही काहीच न विचारता बसलो होतो. तिसऱ्या दिवशी बाबांच्या मानेवर बारीक पुळ्या उठल्या, औषध घ्यावं लागलं, आणि आठ दिवस त्यांना सदऱ्याची कॉलर सोसवेना. तेव्हापासून मी विचारायला लागले.

मग तुमच्या चेहऱ्याबद्दल सांगा. तीळ, चामखीळ, मुरुम कुठे आहेत ते बोट लावून दाखवा. फेसाखाली काही दिसत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण बारीकसा काप लागला तरी रक्त लवकर थांबत नाही. मधुमेह असेल तरी सांगा. आणि मानेवरचे केस कुठल्या दिशेला वाढतात ते घरीच बोटानं पाहून ठेवा. ज्या दिशेनं बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागतं ती सुलट, खरखरीत लागते ती उलट. गालावर बहुतेकांचे केस खाली वाढतात, पण मानेवर ते आडवे जातात, कुठे भोवराही असतो. माझ्या मुलाच्या गळ्याच्या डाव्या बाजूला केस चक्क वर वाढतात, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

खुर्चीत डोकं मागच्या टेकूला पूर्ण टेकवा. टेकू खाली-वर होतो, तो आपल्या उंचीला करून मागा. मान अधांतरी राहिली की ती आपोआप ताठरते.

यानंतरची पाच मिनिटं सगळ्यात मोलाची, आणि नेमकी हीच दुकानात वाचवली जातात. स्प्रेनं दोन फवारे मारले की ब्रश सुरू होतो. तसं होऊ देऊ नका. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर ठेवायला सांगा. केस पाणी पितो, फुगतो, मऊ होतो आणि मग कापायला कितीतरी कमी जोर लागतो. ब्रश गोल गोल फिरून केस उभे राहिले पाहिजेत आणि फेस ओला, चकचकीत दिसला पाहिजे. मध्येच कारागिराला फोन आला आणि फेस सुकला, तर पुन्हा लावून घ्या. बाबा म्हणायचे, सुक्या फेसावर वस्तरा म्हणजे विळी.

वस्तरा चालू झाला की तुमचं काम एवढंच, हलायचं नाही. कारागीर एका हाताच्या बोटांनी कातडी ताणतो आणि ब्लेड जवळजवळ निजवून, तीसेक अंशांवर, छोटे छोटे हात मारतो. नाकाखाली आला की वरचा ओठ दातांवर ओढून धरा. गळ्यावर असताना आवंढा गिळू नका. खोकला आला तर काय करायचं ते आधी ठरवा. आम्ही उजव्या हाताचा पंजा वर, अशी खूण केली होती. तो हात दिसला की वस्तरा हवेत. कानानं ऐकत राहा. धार चांगली असली की एकसारखी बारीक खरखर येते. केस ओढल्यासारखा वाटला तर थांबवून ब्लेड बदलायला सांगा.

पहिला हात सुलट. दुसऱ्या हाताआधी पुन्हा फेस, आणि मग आडवा. त्यानंतर हमखास प्रश्न येतो, "उल्टा चला दूँ?" गाल तुळतुळीत होतो, मोह पडतो. पण उलटा हात मारला की केस कातडीच्या खाली कापला जातो आणि वाढताना आतच वळतो. मानेवर लाल पुटकुळ्या येतात त्या पुष्कळदा यामुळेच. ज्यांचे केस कुरळे, त्यांनी मानेला नाहीच म्हणावं. लग्नाच्या आदल्या दिवशी तर कुणीच उलटा हात मारून घेऊ नये. पहिली वस्तऱ्याची दाढी त्याआधी पंधरा दिवस करून बघा.

नंतर गार पाणी, मग ओल्या गालावर तुरटी, अर्धं मिनिट थांबून पुन्हा पाणी. तुरटीनं कातडी आवळते, बारीक रक्त थांबतं, आणि जिथे जास्त चुरचुरतं तिथे वस्तरा जास्त घासला गेला हे कळतं. कापलं असेल तर स्वच्छ कापूस पाच मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका.

आणि मग खांदे दाबता दाबता कारागीर हनुवटीला हात घालतो. मान कडकन मोडायला. इथे कळकळीनं सांगते, नको म्हणा. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. अशा झटक्यानं त्या आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो, तरुण माणसालाही. डोकं चोळून घ्या, खांदे दाबून घ्या, मानेला झटका नको.

आमच्या दुकानात आरशावर सेना महाराजांची तसबीर आहे. वारकऱ्यांचे सेना न्हावी आणि इकडच्या सेन समाजाचे सेनजी महाराज एकच मानतात, गुरु ग्रंथ साहिबातही त्यांचं एक पद आहे, हे बाबांनी पहिल्याच दिवशी कारागिराला सांगितलं होतं. पुढच्या बुधवारपासून खुर्ची पुसून तयार असायची. "दीदी, आप बैठो, बाबूजी को मैं देख लूँगा," असं म्हणून तो बाबांचं डोकं तळहातात असं धरायचा, जसं तान्ह्याचं धरतात.

या उन्हाळ्यापासून बाबांना जिना उतरवत नाही, म्हणून तो घरी येतो. ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी हातांची खुर्ची खिडकीसमोर ठेवावी, उजेड चेहऱ्यावर पडेल अशी. मागे भिंत, भिंत आणि डोकं यांच्यामध्ये घट्ट उशी. कंपाची गोळी दिल्यावर तासाभरानं हात आणि हनुवटी जरा शांत असते, तीच वेळ मागून घ्यावी. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या ताणायला दोन हात कमी पडतात, तेव्हा कानाजवळची कातडी मी वर ओढून धरते. बोटं कोरडी हवीत, नाहीतर निसटतात. पाणी मी आधीच तापवून ठेवते, ब्लेडचा कागद बाबांच्या हातात देते. तो उघडायला त्यांना वेळ लागतो. कारागीर थांबतो.