माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये ग्लेझ्ड टेराकोटाची नक्षी कशी जुळवायची

मातीचे 4 गोळे जोडून क्ले ब्लॉक बनवा आणि तो भट्टीत भाजा. साधा टेराकोटा, म्हणजे भाजलेल्या मातीचा ब्लॉक, मिळतो. असे 8 टेराकोटा मधोमध एक डाय (रंग) ठेवून रंगवा, मग पुन्हा भाजा, की चकाकीचा ग्लेझ्ड टेराकोटा तयार. एका कोळशात 8 ब्लॉक होतात. चकाकी आल्यावर रंग बदलत नाही, म्हणून तो आधीच ठरवा.

खरी गंमत लावण्यात आहे. तुमचं तोंड जिकडे, त्यावर नक्षीची दिशा ठरते. चार ब्लॉकचा चौकोन लावताना प्रत्येक ब्लॉकला पाव वळण घ्या: उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम. उलट क्रमाने वळलात तर वेगळीच नक्षी उमटते, तीही बघाच! ब्लॉक चुकला तर पिकॅक्सनेच (गेममधल्या कुदळीनेच) फोडा. हाताने फोडलात तर तो हाती लागत नाही.