ठरवलं काहीच नाही, एकटेच बाईक घेऊन निघताय? मग एवढं बघा

कुठे जायचं हे ठरवू नका, दिसेल त्या आडरस्त्याला लागा, मजा त्यातच आहे. फक्त एक गोष्ट निघतानाच पक्की करा, ती म्हणजे माघारी कधी फिरायचं. एकट्याने जाताना "अजून थोडं पुढे बघू" म्हणणाऱ्याला अडवणारं सोबत कोणी नसतं.

त्यासाठी टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पेट्रोलचा काटा चढावर एक सांगतो उतारावर दुसरंच, त्यावर भरवसा ठेवू नका. समजा टाकी 12 लिटरची आणि गाडी 40 चं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे कागदावर 480 किलोमीटर, पण खराब रस्त्यात दुसऱ्या गिअरला रखडत गेलात की अ‍ॅव्हरेज दणकून पडतं आणि पुढे पंप असेलच असं नाही, त्यामुळे 150 झाले की वळायचं. दुसरा हिशोब उजेडाचा. हात लांब करून बोटं आडवी धरा, सूर्य आणि क्षितिजाच्या मध्ये चार बोटं बसली तर सूर्य मावळायला साधारण तासभर आहे. डोंगराळ भागात त्याहून कमी धरा.

निघायच्या आधी पाच मिनिटं गाडीला द्या. टायर थंड असतानाच हवा बघायची, कंपनीने सांगितलेली ठेवायची, आणि कच्चा रस्ता आहे म्हणून उगाच हवा कमी करू नका, एखाद्या खड्ड्यात रिम वाकेल. चेन मधोमध बोटाने वर-खाली करून बघा, बऱ्याच साध्या गाड्यांना दोन-तीन सेंटीमीटर ढील चालते, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप घ्या. ट्यूबवाला असेल आणि चाक स्वतः कधी खोललं नसेल तर हत्यारं नुसती मिरवायला होतील. मॅप नेटवर्क आहे तोवर डाउनलोड करा, आणि रेंज गेली की लाइव्ह लोकेशन पण थांबतं, म्हणून मुख्य रस्ता सोडताना घरच्यांना साधा मेसेज टाका, अमक्या गावापासून उजवीकडे वळलोय.

आता चालवायचं. ताशी 60 ला गाडी एका सेकंदात 16-17 मीटर जाते, म्हणजे वळणापलीकडे उभा ट्रॅक्टर दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत अर्धं अंतर संपलेलं असतं. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर समोरचाही तुमच्याच जागेतून येणार, म्हणून जेवढा रस्ता दिसतोय त्याच्या अर्ध्यात थांबता येईल एवढाच स्पीड ठेवा. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच मारायचा. खडी किंवा शेतातून चाकांना लागून आलेला चिखल दिसला की पुढचा ब्रेक दाबून धरू नका, हँडल सैल धरा, ते थोडं हलणारच, हलू द्या. खड्ड्याकडे बघत बसलात तर नेमके त्यातच जाल, नजर बाजूच्या चांगल्या पट्टीवर हवी.

गुरं आडवी आली तर थांबा, हॉर्न नको, ती पुढे सरकली की मागून काढा. कुत्रं धावून आलं तर लाथ-बिथ मारू नका, आधी स्लो व्हा, ते जवळ आलं की सरळ पुढे निघा, त्याचा अंदाज चुकतो. संध्याकाळी स्वतःची सावली समोर लांब पडलेली दिसली तर समजून जा की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात सूर्य आहे आणि त्याला तुम्ही दिसत नाही आहात, हे फार कोणी लक्षात घेत नाही.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर चालत बघायला पण उतरू नका, गाडी फिरवा. उथळ असेल तर पहिल्या गिअरमध्ये, रेस एकसारखी ठेवून जायचं, आणि बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चालवायचं, ओले ब्रेक लगेच धरत नाहीत. आणि हो, मऊ मातीत साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा. लोड केलेली गाडी एकट्याने उचलताना कंबर जाते.