घरी स्विमिंग पूल बांधताय? आधी जमिनीतलं पाणी बघा, आणि या चुका टाळा

पूल बांधायचा ठरला की घरात चर्चा सुरू होते ती आकाराची. चौकोनी की गोलसर, टाइल्स निळ्या की हिरव्या, दिवे कसले. टाइल्स आणि दिवे पुढे कधीही बदलता येतात. काँक्रीटच्या खाली आणि भिंतीच्या मागे जे गाडलं जातं, ते मात्र बदलता येत नाही, आणि पूल टिकणार की नाही ते तिथेच ठरतं. कर्जत, लोणावळा, मुळशी, अलिबाग या पट्ट्यात फार्महाऊसवर पूल बांधणाऱ्यांनी तर पहिला प्रश्न हाच विचारावा: या जागेत जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतलं पाणी कुठपर्यंत चढतं?

मे महिन्यातला कोरडा खड्डा पाहून निर्धास्त होणं

उन्हाळ्यात जेसीबी लावला की खड्डा कोरडाठाक निघतो. ठेकेदार म्हणतो, जमीन मस्त आहे, काही करायची गरज नाही. तीच जागा भातखाचराच्या कडेला किंवा डोंगराच्या पायथ्याशी असेल, तर आषाढात तिथे उमाळे फुटतात. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो जिरतो कुठे, याचा विचार खड्डा खणण्याआधी करायचा असतो. शेजारच्या विहिरीला पावसाळ्यात पाणी किती वर येतं ते गावातल्या जुन्या माणसाला विचारा. त्याहून चांगलं म्हणजे एक पावसाळा थांबा, दोन मीटर खोल चाचणी खड्डा घ्या आणि त्यात पाणी किती दिवस टिकतं ते स्वतः पाहा.

एवढा आग्रह का, ते हिशेबानेच सांगतो. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा साधा घरगुती पूल घेऊ. तळ आणि भिंती २० सेंटिमीटर जाडीच्या धरल्या तर काँक्रीटचं वजन साधारण ३३ टन भरतं. बाहेरून जमिनीतलं पाणी काठापर्यंत चढलं, तर ते या हौदाला सुमारे ५२ टनांनी वर ढकलतं. पूल भरलेला असेल तर आतलं ३८ टन पाणी त्याला दाबून धरतं आणि काहीच होत नाही. रिकामा असेल तर तो नावेसारखा तरंगू पाहतो. या मापांत जमिनीतलं पाणी काठाच्या खाली अर्ध्या मीटरपर्यंत आलं तरी तोल जातो. मग एक कोपरा उचलला जातो, तळाला भेग पडते, पाइप तुटतात. एकदा उचललेला पूल पुन्हा खाली बसवता येत नाही. फोडावाच लागतो.

आणि हे होतं कधी? गणपतीला पाहुणे येणार म्हणून पूल उपसून स्वच्छ धुवायचं ठरतं तेव्हा. भाद्रपदात जमीन तुडुंब भरलेली असते. पाऊस थांबला, ऊन पडलं, म्हणून जमिनीतलं पाणी उतरलं असं समजू नका. ते दिवाळीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे टिकतं. पावसाळ्यात पूल उपसायचाच नाही, हा नियम चौकीदारालाही पक्का सांगून ठेवा, कारण मालक शहरात असताना पंप सुरू करणारा हात त्याचाच असतो.

बांधतानाची काळजी वेगळी. तळाखाली खडीचा थर द्या, त्यात भोकं पाडलेला पाइप टाका. जमीन उताराची असेल तर तो पाइप खालच्या अंगाला उघडा सोडा. सपाट असेल तर पूलच्या बाजूला तळापेक्षा खोल अशी छोटी विहीर ठेवा, म्हणजे त्यात डोकावून जमिनीतलं पाणी कुठे आहे ते कळेल आणि लागलं तर उपसताही येईल. तळाच्या ड्रेनमध्ये हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह बसवतात. बाहेरचा दाब वाढला की तो उघडतो आणि जमिनीतलं पाणी आत घेतो. पण खाली खडी नसेल तर तो मातीने बुजतो आणि नेमका गरजेच्या वेळी उघडत नाही. नुसत्या व्हॉल्व्हवर विसंबू नका. राफ्ट, म्हणजे तळाची काँक्रीटची लादी, भिंतीच्या बाहेर फूटभर पुढे काढला तर त्यावर बसणारी माती पूलला आणखी दाबून धरते. हा खर्च फार नाही, पण नकाशात आधी यायला हवा.

अर्धी कापलेली, अर्धी भरलेली जमीन

उतारावर प्लॉट असला की वरची बाजू कापून ती माती खाली भरतात आणि सपाटी करतात. दृश्य चांगलं दिसतं म्हणून पूल नेमका कडेला, म्हणजे अर्धा मूळ कातळावर आणि अर्धा भरावावर येतो. दोन पावसाळ्यांत भराव बसतो, कातळ तसाच राहतो, आणि दोन्ही जिथे भेटतात त्याच रेषेत पूलला भेग जाते. ती भेग कुठल्याही रसायनाने कायमची बुजत नाही. पूल एक तर पूर्ण कातळावर घ्या, नाहीतर भरावाखालच्या पक्क्या थरापर्यंत आधार न्या. यात स्ट्रक्चरल इंजिनीअरची फी वाचवू नका.

देशावर काळ्या मातीचा प्रश्न. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पूलच्या भिंतींना दर वर्षी ढकलते-सोडते. काळी माती पूर्ण काढून मुरूम भरावा, पंधरा-वीस सेंटिमीटरचे थर पाणी मारून, रोलर फिरवून दाबावेत. कोकणात आणि गोव्यात जांभा लागतो. तो टणक दिसतो, म्हणून खणलेल्या खड्ड्यालाच प्लास्टर करून पूल करायचा मोह होतो. पण जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून सहज ये-जा करतं, आणि असं प्लास्टर सुटतंच. समुद्रकाठी असाल तर खणण्याआधी सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियमही तपासा.

विटांच्या भिंती

थोडक्यात सांगतो: नको. पाण्याचा दाब आतून आणि मातीचा बाहेरून, हा खेळ विटांनी सोसायचा नाही. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामासाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे, त्यात सळईच्या कामाला किमान एम ३० या ताकदीचं काँक्रीट सांगितलं आहे. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये हा आकडा लिहून घ्या. तळ आणि भिंत जिथे जुळतात तिथे पीव्हीसीचा वॉटरबार, म्हणजे सांध्यात गाडायची पाणी अडवणारी पट्टी, हवाच. बहुतेक गळती याच सांध्यातून होते.

टाइल्स लावून झाल्यावर पहिल्यांदा पाणी भरणं

उद्घाटनाची तारीख ठरलेली असते आणि घाई इथेच नडते. काँक्रीटचं क्युरिंग झालं की वॉटरप्रूफिंगच्याही आधी पूल भरा आणि आठवडाभर तसाच ठेवा. गळत असेल तर उघड्या काँक्रीटवर जागा सापडते, हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमधल्या पोकळ जागा, दिसतात, त्यांत सिमेंटचं ग्राउटिंग भरता येतं. वॉटरप्रूफिंगनंतर पुन्हा एकदा भरा. टाइल्सच्या मागे लपलेली गळती शोधायला अख्खी भिंत फोडावी लागते.

पाइपचंही तेच. काँक्रीट ओतण्याआधी सगळ्या लाइन बंद करून दाब भरा, गेज लावा आणि रात्रभर सोडा. काटा हलला नाही तरच पुढे. काँक्रीट ओततानाही दाब तसाच ठेवा, म्हणजे मजुराचा पाय पडून सांधा निसटला तर तेव्हाच कळेल. काचेच्या मोझॅकला साधी सिमेंटची पेस्ट धरत नाही. पॉलिमर असलेला अ‍ॅडहेसिव्ह आणि सांध्यात इपॉक्सी ग्राउट वापरा.

मोठा पंप म्हणजे स्वच्छ पाणी, हा समज

घरगुती पूलचं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून गेलं की पुरतं. वरच्या मापाच्या पूलला तासाला साधारण पाच ते साडेसहा हजार लिटर. फिल्टरच्या क्षमतेपेक्षा पंप मोठा लावला तर पाणी फिल्टरमधल्या वाळूतून वेगाने निसटतं आणि गाळ तसाच परत येतो, वर विजेचं बिल. पंपाची खोली पूलच्या पातळीखाली असेल तर पावसात ती बुडणार नाही याची सोय आधी करा.

इन्फिनिटी कडा, म्हणजे पाणी जिच्यावरून वाहून जातं अशी कडा, हवी असेल तर ते पाणी झेलणारा बॅलन्सिंग टँक टाळू नका. ३२ चौरस मीटरच्या पूलमध्ये पातळी दीड सेंटिमीटर चढली तरी ४८० लिटर पाणी कडेवरून जातं. मुलांनी एकदम उड्या मारल्या की त्याहून जास्त. एवढं पाणी झेलायला जागा नसेल तर ते बागेत जातं आणि पंप हवा ओढू लागतो.

तळाला एकच ड्रेन, आणि कुंपण “नंतर बघू”

हे दोन मुद्दे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. एकाच ड्रेनवर पंपाची सगळी ओढ आली की त्यावर लहान मूल चिकटू शकतं, केस अडकू शकतात, आणि मोठ्या माणसाला ते ओढून काढता येत नाही. अमेरिकेत अशा अपघातांनंतर २००७ मध्ये खास कायदा करावा लागला. दोन ड्रेन ठेवा, एकमेकांपासून किमान एक मीटर अंतरावर, एकाच लाइनला जोडलेले, वर फुगीर जाळी.

कुंपण किमान चार फूट उंच, उभ्या गजांचं, आपोआप मिटणाऱ्या फाटकाचं, आणि कडी लहान मुलाच्या हाताला न लागणारी. ते पाणी भरण्याआधी पूर्ण व्हायला हवं. खोलीही विचारपूर्वक ठरवा. घरच्या पूलला चार-साडेचार फूट भरपूर होतं. आठ फूट खोली पाहुण्यांतल्या पोहता न येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच घ्या, आणि सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय कोणाला पाण्यात उतरू देऊ नका.

बांधून झालं, आता तक्रारी

पाणी कमी होतंय: लगेच फोडाफोडी नको. उन्हाळ्यात रोज पाऊण-एक सेंटिमीटर पाणी उडून जाऊ शकतं. पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवा, आतल्या आणि बाहेरच्या पातळीवर खूण करा आणि २४ तासांनी पाहा. दोन्ही सारखंच उतरलं तर ते बाष्पीभवन. पूल जास्त उतरला तर गळती आहे. मग हीच चाचणी एकदा पंप चालू आणि एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असताना जास्त जात असेल तर दोष बहुधा पाणी परत आणणाऱ्या लाइनमध्ये.

बोअरचं पाणी भरलं आणि क्लोरीन टाकताच तपकिरी झालं: पाण्यात लोह आहे. आणखी क्लोरीन ओतत बसू नका, फिल्टर सलग चालवा आणि बॅकवॉश करत राहा, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धूत राहा. पुढच्या वेळी आधी पाण्याची तपासणी करून घ्या.

पावसाळ्यात हिरवं झालं: पावसाने क्लोरीन पातळ होतं आणि शेवाळ धरतं. आधी पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा, भिंती ब्रशने घासा, संध्याकाळी क्लोरीनचा मोठा डोस द्या आणि पंप रात्रभर चालवा. क्लोरीनच्या गोळ्या वर्षभर वापरत असाल तर त्यांतलं, क्लोरीनला उन्हात टिकवणारं सायन्युरिक अ‍ॅसिड साठत जातं आणि शेवटी क्लोरीन असूनही काम करेनासं होतं. त्यावर थोडं पाणी बदलणं हाच उपाय, तोही जमीन कोरडी असताना. आणि त्या गोळ्या व ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात किंवा एकाच भांड्यात कधीही एकत्र करू नका. दोन्ही क्लोरीनचीच असली तरी एकत्र आल्यावर पेट घेतात. खोलीत दोन वेगळ्या कोरड्या फळ्या करा आणि डब्यांवर मराठीत ठळक नावं लिहा.