सेनेगलची जुनी पोस्टकार्डं आणि तिकिटं कशी जमवावीत

शाळेत असताना रद्दीच्या दुकानात मला एक फ्रेंच पोस्टकार्ड मिळालं होतं. चित्र समुद्रकाठच्या बाजाराचं आणि तिकीट चित्राच्याच बाजूला, वरच्या कोपऱ्यात. त्या रात्री मी वाटीभर पाण्यात कार्ड भिजवलं, तिकीट अलगद सोडवलं, टिपकागदावर वाळवलं आणि लगदा झालेलं कार्ड फेकून दिलं. ते तिकीट आजही माझ्याकडे आहे. त्यावर शिक्क्याचा पाव तुकडा आहे आणि त्यात ‘डाकार’मधली शेवटची ‘कार’ एवढीच अक्षरं. तारीख, बाजार, पाठवणाऱ्याचा मजकूर, सगळं कचऱ्यात गेलं.

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना म्हणूनच आधी सांगतो. वापरलेल्या पोस्टकार्डावरचं तिकीट कधीही सोडवू नका. चित्र, तिकीट आणि शिक्का हे तिघं एकमेकांचे साक्षीदार असतात, त्यांना वेगळं केलं की कुणाचीच साक्ष पुरी होत नाही.

पश्चिम आफ्रिकेतला एकच देश निवडायचा तर मी सेनेगल सुचवेन. तिथली जुनी पोस्टकार्डं भरपूर आहेत, नव्याला परवडतात, आणि तिकिटांवरचं देशाचं नाव इतक्यांदा बदललं आहे की ती क्रमानं लावली की देशाचा इतिहासच समोर उभा राहतो.

पायरी १ : आधी नावं ओळखायला शिका

सुरुवातीला तिथं फ्रान्सच्या सगळ्या वसाहतींसाठी असलेली सामाईक तिकिटं चालत. १८८७ मध्ये त्यांच्यावर नवी किंमत छापून ती सेनेगलची म्हणून वापरली गेली. ही महाग असतात आणि त्यांच्या नकलाही खूप आहेत, नवख्यानं दुरूनच नमस्कार करावा. १८९२ पासूनच्या तिकिटांवर ‘सेनेगल आणि अवलंबित प्रदेश’ अशा अर्थाची फ्रेंच अक्षरं दिसतात. १९०६ मध्ये नवी मालिका आली : कमी किमतीच्या तिकिटांवर सेनेगलचा एकेकाळचा फ्रेंच गव्हर्नर जनरल फेदेर्ब, मधल्या किमतींवर ताडाची झाडं. १९१४ पासून बाजाराच्या दृश्याचं तिकीट आलं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. संग्रहाची सुरुवात करायला याच्यासारखं दुसरं नाही, कारण रंग अनेक आहेत आणि किंमत कमी. १९३५ च्या मालिकेत सेंट-लुईचा फेदेर्ब पूल आणि जुर्बेलची मशीद आहे. पूल १८९७ चा आणि अजून वापरात आहे. त्याचं पोस्टकार्ड आणि तिकीट शेजारी शेजारी लावून बघा.

१९४४-४५ च्या सुमाराला सेनेगलचं नाव तिकिटांवरून गेलं आणि ‘फ्रेंच पश्चिम आफ्रिका’ आलं. बरेच जण इथंच फसतात. हीच तिकिटं डाकारला चालत, तशी आबिजानला, बामाकोला आणि कोनाक्रीलाही चालत. म्हणजे सुट्टं, कोरं तिकीट सेनेगलचं आहे असं म्हणताच येत नाही. शिक्क्यात डाकार, तिएस किंवा काओलाक असं सेनेगलमधल्या गावाचं नाव वाचता आलं, तरच ते तुमच्या संग्रहातलं.

पुढचा टप्पा अगदी छोटा, पण मला सगळ्यात प्रिय. १९५९ मध्ये सेनेगल आणि शेजारचा फ्रेंच सुदान यांनी मिळून ‘माली संघराज्य’ केलं. ते २० जून १९६० ला स्वतंत्र झालं आणि २० ऑगस्टला मोडलंही. या संघराज्याची स्वतःची तिकिटं आहेत, त्यातल्या माशांच्या आणि पक्ष्यांच्या मालिका फार देखण्या. संघ मोडल्यावर ‘माली’ हे नाव सुदाननं घेतलं, त्यामुळे विक्रेते ही तिकिटं सरसकट मालीच्या पाकिटात टाकतात. तिथं शोधा. शिक्का डाकारचा असेल तर सोडू नका.

त्यानंतर ‘सेनेगल प्रजासत्ताक’. १९६० मधल्या निओकोलो-कोबा अभयारण्याच्या प्राण्यांपासून इथं सुरुवात करता येते. १९६९ मध्ये महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त सेनेगलनंही तिकीट काढलं. आपल्याकडच्या गांधी-संग्राहकांमुळे ते भारतात सहज मिळतं.

पायरी २ : धागा धरा

‘सगळा सेनेगल’ जमवायला गेलात तर खोकी भरतील, संग्रह होणार नाही. एखादं शहर घ्या : सेंट-लुई, गोरे बेट, डाकार किंवा रुफिस्क. वसाहतीच्या काळात या चार गावांना वेगळे नागरी हक्क होते आणि त्यांची कार्डंही सर्वाधिक निघाली. किंवा विषय घ्या. भुईमुगाचा विषय आपल्या माणसाला लगेच जवळचा वाटेल. सेनेगलचा सगळा व्यापार भुईमुगावर उभा होता. रुफिस्क आणि काओलाकच्या कार्डांवर शेंगांचे टेकडीएवढे ढीग आणि त्यावर चढलेले हमाल दिसतात. शोधताना ‘आराशीद’ हा फ्रेंच शब्द वापरायचा.

विमानटपाल हाही चांगला धागा आहे. १२ मे १९३० ला झां मेर्मोझ या फ्रेंच वैमानिकानं सेंट-लुईहून टपाल घेऊन उड्डाण केलं आणि सुमारे २१ तासांत अटलांटिक ओलांडून ब्राझीलचं नाताल गाठलं. त्या काळातली डाकारमार्गे गेलेली पाकिटं महाग असतात, पण विमानतळाची आणि टपालविमानांची कार्डं आवाक्यात आहेत.

पायरी ३ : कुठं आणि कसं शोधायचं

मुंबईत जीपीओच्या आसपास आणि फोर्टात तिकीटविक्रेत्यांकडे ‘फ्रेंच कॉलनी’ अशा मिश्र पाकिटांत सेनेगलची सुट्टी तिकिटं मिळतात. पोस्टकार्डं मात्र इथं क्वचितच. ती फ्रान्समध्ये गेली आणि तिथंच राहिली, कारण पाठवणारे बहुतेक फ्रेंच शिपाई, कारकून, व्यापारी आणि खलाशी होते. त्यामुळे ऑनलाइन बाजाराला पर्याय नाही. डेलकांप हे संकेतस्थळ पोस्टकार्डांसाठी सगळ्यात उपयोगी, ईबे त्याच्या खालोखाल.

शोध फ्रेंचमध्येच घ्या, इंग्रजीत टाकलंत तर निम्मा माल दिसणार नाही. जुन्या पोस्टकार्डाला विक्रेते ‘सीपीए’ म्हणतात. ‘नफ’ म्हणजे कोरं, ‘ओब्लितेरे’ म्हणजे शिक्का पडलेलं, ‘काशे’ म्हणजे शिक्का. या चार शब्दांवर पहिले सहा महिने निभतात.

खरेदीचा माझा नियम असा : एकाच विक्रेत्याची दहा-बारा कार्डं एकदम घ्यायची. साधं कार्ड दोन-चार युरोंना मिळतं आणि टपालखर्च त्याहून जास्त होतो. दोन्ही बाजूंचे फोटो नसतील तर विक्रेत्याकडून मागवा. मागची बाजू न बघता कार्ड घेऊ नका.

पायरी ४ : कार्ड वाचा

इथं घाई करू नका, सगळी मजा यातच आहे. लागतं फक्त दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटी बॅटरी आणि चपट्या टोकाचा चिमटा.

आधी पाठ बघा. मध्ये उभी रेघ नसेल आणि सगळी बाजू पत्त्यासाठीच असेल, तर कार्डाची छपाई बहुधा १९०४ च्या आधीची. फ्रान्सनं त्या सुमाराला अर्धी बाजू मजकुराला मोकळी केली, म्हणून रेघ असलेली कार्डं त्यानंतरची. पण ही तारीख छपाईची. उरलेला साठा दुकानदार पुढं कितीतरी वर्षं विकत असत.

मग छपाई. कार्ड भिंगाखाली धरा. त्या काळची चांगली कार्डं ज्या पद्धतीनं छापली, तिच्यात ठिपके नसतात, साईवर पडतात तशा अगदी बारीक सुरकुत्या दिसतात. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ओळीनं मांडलेले ठिपके दिसले आणि कार्ड १९०५ चं म्हणून विकलं जात असेल, तर ते अलीकडचं पुनर्मुद्रण असण्याची शक्यता मोठी.

आता प्रकाशकाचं नाव. सेनेगलच्या कार्डांवर एक नाव सारखं भेटेल : फोर्तिए, डाकार. एदमों फोर्तिए (१८६२-१९२८) हा डाकारमध्ये राहणारा छायाचित्रकार होता. पश्चिम आफ्रिकेची तीन हजारांहून जास्त कार्डं त्यानं काढली. पिकासोच्या संग्रहातही त्याची कार्डं सापडली आहेत. फोर्तिएच्या कार्डांवर क्रमांक असतो, पण तोच फोटो पुढच्या आवृत्तीत वेगळ्या क्रमांकानं, कधी वेगळ्या ओळीसह येतो. म्हणून नोंद करताना क्रमांक आणि फोटोखालची ओळ दोन्ही जशीच्या तशी उतरवा.

मग तिकीट. या काळात कार्डाच्या चित्रावर लावलेलं हिरवं, ५ सांतिमचं तिकीट वारंवार दिसेल (सांतिम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग). पाच शब्दांपर्यंतच मजकूर असेल तर कार्ड ५ सांतिमात, म्हणजे छापील कागदाच्या दरानं जाई. जास्त लिहिलं की १० सांतिमचं लाल तिकीट. माझ्याकडच्या एका डाकारच्या कार्डावर बंदराचं आकाश आहे, त्यात हिरवा फेदेर्ब आणि शिक्क्याचं अर्धं वर्तुळ तिकिटावर, अर्धं ढगांवर. खाली शाईनं लिहिलंय : ‘सप्रेम आठवण’ अशा अर्थाचे दोन शब्द आणि सही. पाच शब्दांची मुभा होती, त्यानं तीनातच भागवलं. मागं फक्त पत्ता. चित्राच्या बाजूला तिकीट लावण्याची तेव्हा हौसच होती, कारण कार्डं जमवणारे लोक ती एकमेकांना मुद्दाम तशी पाठवत.

शेवटी शिक्का. बॅटरी कार्डाला जवळजवळ आडवी धरून तिरपा उजेड पाडा, पुसट अक्षरंही वर येतात. वर गावाचं नाव, खाली वसाहतीचं, मध्ये तारीख. महिने फ्रेंच असतात. इंग्रजीत ‘आउट’ वाचावं तशी अक्षरं दिसली तर तो ऑगस्ट, उच्चार ‘ऊत’. शिक्का गोल नसून अष्टकोनी असेल तर थांबा : फ्रेंच जहाजांवरच्या टपालाचे शिक्के अष्टकोनी असत. म्हणजे पाठवणाऱ्यानं कार्ड डाकारच्या टपालघरात न टाकता बंदरावर लागलेल्या बोटीवर दिलं. डाकार ते सेंट-लुई आगगाडी १८८५ मध्ये सुरू झाली, गाडीतल्या टपालाच्या शिक्क्यात दोन्ही गावांची नावं असतात. असे शिक्के शंभर कार्डांत दोन-चार मिळतात आणि पुष्कळ विक्रेते नुसतं चित्र बघून किंमत लावतात. हे वाचता येणाऱ्याचा तिथं फायदा होतो.

पायरी ५ : फसू नका

शिक्का तिकिटावरून कार्डावर उतरलेला आहे का आणि रेषा जुळतात का, हे भिंगातून बघा. जुळत नसतील तर तिकीट मागाहून चिकटवलं आहे. शिक्क्याच्या तारखेला ते तिकीट निघालेलं तरी होतं का, हे कॅटलॉगमध्ये ताडून घ्या. फ्रेंच वसाहतींसाठी ‘इव्हेर ए तेलिए’ सगळ्यात सोयीचा, डेलकांपवरचे विक्रेतेही त्याचेच क्रमांक देतात.

तिकिटांवर नंतर छापलेल्या किमतींबाबत फार सावध राहा. जिनिव्हाच्या फ्रांस्वा फूर्निए यानं शंभरेक वर्षांपूर्वी अशा नकलांचा धंदाच मांडला होता आणि त्याचा माल अजून फिरतो आहे.

अलीकडच्या काळातला धोका वेगळा. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांच्या नावानं नटनट्या, मोटारगाड्या आणि कार्टूनची तिकिटं परस्पर छापली गेली आहेत, त्या देशांच्या टपालखात्याला पत्ताही नसतो. २००२ पासूनच्या अधिकृत तिकिटांची नोंद जागतिक टपाल संघाच्या ‘डब्ल्यूएनएस’ या यादीत ठेवली जाते, पण फक्त त्यात सहभागी झालेल्या देशांची. घेण्याआधी तिथं बघा.

पायरी ६ : पावसाळ्यापासून वाचवा

आपल्या हवेत कागदाचा शत्रू म्हणजे दमट ऋतू. तांबूस ठिपके एकदा पडले की जात नाहीत आणि शेजारच्या कार्डावरही चढतात. प्रत्येक कार्ड पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला. मऊ, वास येणारं पीव्हीसी कितीही स्वस्त असलं तरी नको. कार्डं बुटांच्या खोक्यात उभी ठेवा, आडवी रचू नका. कोऱ्या तिकिटांचा डिंक जुलैमध्ये हमखास चिकटतो, म्हणून ती स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायच्या पट्ट्यांच्या वहीत, सैल ठेवा आणि स्टॉकबुक उभं ठेवा. जून ते सप्टेंबर सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. दसरा झाला, हवा कोरडी पडली की एक दिवस पंख्याखाली मोकळं करा. उन्हात मात्र नाही. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना घरात थारा देऊ नका.

पायरी ७ : नोंद ठेवा, आणि माणसांचं भान ठेवा

फोर्तिएच्या काळातल्या बऱ्याच कार्डांवर माणसांचे फोटो आहेत आणि खाली नाव नसून ‘वोलोफ स्त्री’, ‘अमुक जमातीचा नमुना’ असं छापलेलं असतं. काही फोटोंत बायकांना उघडं उभं केलेलं आहे. त्यांना विचारलं होतं का, हे कार्ड सांगत नाही. मी अशी कार्डं विकत घेत नाही. ज्यांना अभ्यासासाठी हवीत त्यांनी घ्यावीत, पण ती मिरवू नयेत. आणि फोटोखालच्या ओळीवर आंधळा विश्वास ठेवू नये, ती विकणाऱ्यानं लिहिलेली आहे, फोटोतल्या माणसानं नाही.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक कार्डाला दोन ओळी असतात. पहिल्या ओळीत छापलेला मजकूर, प्रकाशक, क्रमांक, तिकीट, शिक्का आणि तारीख. दुसऱ्या ओळीत मला चित्रात प्रत्यक्ष काय दिसतं ते. बंदराच्या त्या कार्डाची दुसरी ओळ अशी आहे : ‘तीन होड्या, एकीत पाट्या उतरवणाऱ्या चार बायका. डावीकडची कॅमेऱ्याकडे बघते आहे.’